लांबशिंग्याचं वय

सकाळी चहाचा कप धुऊन पालथा घातला, निघायला अजून दहा मिनिटं होती म्हणून टेबलावर गाल टेकून डोळे मिटले, आणि टेबल काहीतरी चावत होतं. दुसरा शब्द तेव्हा सुचला नाही, नंतर शोधूनही मिळाला नाही. करर, करर, मग श्वास घ्यावा एवढी फट, मग पुन्हा करर. शेजारच्या खोलीत कोणी कडक टोस्ट खात असावं तसं. फक्त ती खोली काडेपेटीएवढी आणि तिची भिंत माझ्या गालाला चिकटलेली. डोकं उचललं तर आवाज गेला. खाली रस्त्यावर दुकानाचं शटर वर गेलं, वरच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला, सगळं रोजचं. पुन्हा गाल टेकला. करर. आवाज कसला हे मला ओळखावंही लागलं नाही, आणि त्याचीच जास्त धास्ती वाटली. दिवसाचे आठ तास मी हाच आवाज शोधत असते, आणि बहुतेक दिवशी तो नसतो.

माझं काम पेट्या तपासण्याचं. बाहेरून जी यंत्रं, काचा, फरश्या येतात त्यांच्याशी मला कर्तव्य नाही. त्या ज्या लाकडी पेट्यांतून येतात त्यांच्या फळ्या मी बघते, ठोकते, कधी चिरते. आई तिच्या बहिणीला सांगते, "आमची बाई दागिन्यांचा डबा उघडते आणि डबाच न्याहाळत बसते." पण परक्या मुलखातलं लाकूड बऱ्याचदा एकटं येत नाही. त्याच्या पोटात अळ्या असतात, त्यांचे भुंगेरे होतात, आणि इथल्या झाडांना त्यांची ओळख नसते. म्हणून पेटीचं लाकूड निघण्याआधी भट्टीत घालून गाभ्यापर्यंत छप्पन्न अंशांवर तीस मिनिटं तापवायचं आणि त्यावर शिक्का मारायचा, असा नियम आहे. शिक्का म्हणजे आत जिवंत काही नाही. एवढी एक गोष्ट खरी की खोटी हे पाहायला मला पगार मिळतो. आणि इथे माझ्याच खोलीत, मी जेवते त्या टेबलात, एक लांबशिंग्या बसून नाश्ता करत होता. लांबशिंग्या हे आमच्या प्रयोगशाळेतलं लाडाचं नाव. पुस्तकात तो लांबशिंगी भुंगेरा. डोक्यावरची दोन शिंगं, म्हणजे खरं तर स्पर्शिका, अंगापेक्षा लांब. बसतो तेव्हा त्या मागे वळवून अशा धरतो की एखाद्याने स्वतःपेक्षा मोठी छत्री सांभाळावी.

टेबल बाबांनी केलेलं. बाबा सुतार. "चाळीस वर्षं झाली, माझ्या लाकडाला कीड लागलेली नाही," हे वाक्य आमच्या घरात पाहुण्यांसमोर पाण्याच्या तांब्याइतक्या नेमाने पुढे यायचं, आणि त्यामागोमाग आईचं, "लाकडाला नाही लागली, स्वभावाला लागली." बाबा हसायचे नाहीत. ह्या एका बाबतीत त्यांना विनोद चालत नसे. सांध्यात खिळा मारायचा नाही, ओली फळी वापरायची नाही, आणि फळीच्या कडेचा फिकट भाग दिसला की तो कापून टाकायचा, मग फळी अर्धी राहिली तरी बेहत्तर. ह्या टेबलाच्या डाव्या बाजूला मात्र एक फिकट पट्टा आहे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये जरा वळलेला, काळसर लाकडातून वाहत गेल्यासारखा. तो पट्टा माझ्यामुळे आहे. मी अकरा वर्षांची होते. कारखान्यात, म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, फळ्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या होत्या, रंध्याखालून गरम वासाची भेंडोळी निघत होती, आणि बाबा एका फळीवर पेन्सिलीने रेघ मारत होते. "हे काय कापताय?" "हे फिकट आहे ना, हे झाडाचं स्वयंपाकघर. पाणी, साखर, सगळं इथून वर जातं. किडा बरोबर इथंच शिरतो. मधलं काळं लाकूड कडू असतं, तिकडे तो फिरकत नाही." मी म्हणाले, ती नदी आहे. ती राहू द्या. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, "बघू" म्हणाले, आणि मी ते हो असं धरलं, कारण बाबांच्या 'बघू'ला दुसरा अर्थ लावायला मी अजून शिकले नव्हते. टेबल मला परीक्षेआधी मिळणार होतं, ते मिळालं परीक्षा संपल्यावर दोन महिन्यांनी. सगळा अभ्यास मी आईच्या शिलाई मशीनच्या झाकणावर केला. "पॉलिश वाळत नाहीये," बाबा सांगत राहिले. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. पण टेबल आलं तेव्हा त्यात नदी होती.

तर नदीत किडा. त्या सकाळी बसच्या खिडकीशी उभी राहून मी हिशेब केला. लांबशिंग्याची मादी लाकडाच्या फटीत अंडी घालते. अळी निघते ती सरळ आत शिरते. तिला पाय असून नसल्यासारखे; अंगावरच्या फुगवट्यांनी बोगद्याच्या भिंतींना रेटा देत ती सरकते, पुढचं लाकूड खाते आणि मागे भुसा ठासून भरते. म्हणजे आलेला रस्ता बंद होतो, बाहेर कणभरही काही सांडत नाही, आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही. ओल्या लाकडात हे सगळं वर्षा-दोन वर्षांत उरकतं. पण लाकूड वाळलं की त्यात खाण्यासारखं फार उरत नाही. जिवंत राहण्यापुरतं मिळतं, वाढण्यापुरतं नाही. मग अळी घाई करत नाही. दहा वर्षं, पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त. कोणाच्या तरी कपाटातून, लग्नात मिळालेल्या पलंगातून, मुलांची लग्नं व्हायच्या वयाला भुंगेरे बाहेर आल्याच्या नोंदी आहेत. टेबल पंधरा वर्षांचं. अंडं फळी ओली असताना घातलेलं असणार, म्हणजे पंधरा वर्षं आणि थोडे महिने. आणि एकदम सगळी बस, घामट दांडा, पुढच्या माणसाच्या डब्यातला वास, सगळं मागे गेलं आणि मला ती पंधरा वर्षं वरून न दिसता खालून दिसली. मी त्या टेबलावर भूमितीच्या आकृत्या काढल्या तेव्हा ती खाली चावत होती. शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या निकालाचा कागद मी त्यावर पालथा ठेवला तेव्हाही. वर्गातल्या एका मुलाला मी तीन पानी पत्र लिहिलं, एक पानी केलं, मग फाडलं. तेव्हा ती माझ्या कोपराखाली चार-पाच बोटांवर असेल. माझ्याबरोबरच्या सगळ्या कुठे कुठे पोचल्या. कोणी दोन पदव्या घेतल्या, कोणाला दोन मुलं झाली. मी सव्विसाव्या वर्षी पेट्या ठोकते, आणि "मग पुढे काय?" असं कोणी विचारलं की "बघू" म्हणते. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण वाईट वाटत नाही हे लोकांना समजावताना दमछाक होते. आणि इथे कोणीतरी होतं, माझ्याएवढंच रेंगाळलेलं, अंधारात, आपल्या गतीने. आपण ज्याला भुंगेरा म्हणतो तो तर तिच्या आयुष्याचा शेवटचा महिना. नाव त्याचं लागतं. जगणं सगळं अळीचं.

ह्यामुळे आनंद व्हायला नको होता. बाबांच्या चाळीस वर्षांचं काय, हा प्रश्न होता, आणि तो अवघड होता. ते तीन आठवड्यांनी येणार होते, डोळे तपासायला, आणि माझी ही खोली पहिल्यांदाच बघणार होते. टेबल तसंच ठेवणं शक्य नव्हतं. आत दुसऱ्याही अळ्या असल्या, त्यांतून नर-मादी बाहेर आले, तर पुढची अंडी दाराच्या चौकटीत, छपराच्या वाशात. भट्टीत घालायचं तर पंधरा वर्षांचे सांधे सुटणार. आमच्या मोठ्या बाईंना मी आडून विचारून पाहिलं. त्यांच्या गळ्यात दोरीला एक भिंग कायम लटकत असतं, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना भिंगबाई म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

"समजा, एखाद्याच्या घरच्या टेबलात निघाला तर?"

"कोणाच्या घरच्या?"

"आहेत एक ओळखीचे."

"मग ओळखीच्यांना सांग, भट्टीत घाला."

"सांधे उघडतील, बाई. त्यात एकही खिळा नाही."

भिंगबाईंनी डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे उघड्या डोळ्याने पाहिलं, आणि ते जास्त अवघड होतं. "खिळा नाही हे ओळखीच्यांनी सांगितलं का तुला? बरं. एकाच जागी असेल तर तेवढा तुकडा काढता येतो. पण आधी जागा पक्की कर."

बाबांना न विचारता त्यांच्या टेबलाला करवत लावणं मला जमणार नव्हतं, आणि विचारायचं म्हणजे सांगायचं. फोनवर मी तीनदा सुरुवात केली. "बाबा, एक सांगायचं होतं." "बोल." "इथे फार उकडतंय." तोवर मी जागा पक्की केली. टेबलावर खडूने चौकोन आखले, सव्वीस ठिकाणी प्रयोगशाळेतल्या ऐकायच्या नळीने पाच-पाच मिनिटं ऐकलं, दर मिनिटाला किती चावे ते लिहिलं आणि कागदावर नकाशा काढला. तो फार सुबक आला. आवाज डाव्या कोपऱ्यात, जिथे नदी टेबलाच्या काठाला पोचते, तिथे सगळ्यांत मोठा. तिथून लांब जावं तसा कमी कमी. नदीच्या मुखाशी मी लाल पेन्सिलीने एक गोल केला. कामावरून आले की पर्स ठेवायच्या आधी मी त्या कोपऱ्याला कान लावायची. "आहेस का," म्हणायची. असायची. चहा घेताना डाव्या बाजूला बसायला लागले. आणि ह्या सगळ्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती मी नकाशात घातली नाही. बाबा चुकले होते, मी त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं, आणि माफ करणाऱ्याची पाठ जशी आपोआप ताठ होते तशी माझी झाली होती. लहानपणापासून ज्या माणसाच्या लाकडात कीड नव्हती त्याच्या लाकडात कीड निघाली, तर तो माणूस जरा जवळ येतो. हे मला आवडत होतं. आवडतंय हे कळल्यावर लाज वाटली, आणि लाज वाटूनही आवडतच राहिलं.

बाबा रविवारी सकाळी आले. खोलीत शिरल्यावर माणसं खिडकीबाहेर बघतात. बाबांनी टेबलाच्या कडेखालून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. "पॉलिश राखलंस. गरम भांडं ठेवतेस मात्र."

"एकदाच ठेवलं होतं."

"तीनदा." त्यांनी तीन जागी बोट टेकवलं. मग टेबलाचा कोपरा दाबून पाहिला. "हलत नाही."

"जमीन खचलीय ना मोरीकडे, दोन बोटं. पाय अधांतरी राहत होता. खाली ठोकळा दिलाय."

"जमीन दुरुस्त करायची असते," बाबा म्हणाले, आणि बसले.

मी चहा केला. काय बोलायचं ते मी चार दिवस पाठ केलं होतं. सुरुवात विज्ञानाने, मध्ये माझी चूक, शेवटी त्यांचा दोष नाही. कप त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं विसरले.

"काय झालंय?" बाबांनी विचारलं. "तीन आठवडे 'एक सांगायचं होतं' म्हणतेस आणि हवामान सांगतेस. आई म्हणते कोणीतरी पसंत केलाय. मी म्हटलं, त्याला कशाला एवढं घाबरेल."

"टेबलात अळी आहे."

त्यांनी कप बशीत ठेवला. आवाज न करता ठेवला, हे मला दिसलं. "कुठल्या टेबलात?"

"ह्याच."

"कोण म्हणतं?"

"मीच. चूक माझी आहे बाबा, मीच नदी ठेवायला लावली. तुम्ही कापणार होतात." आणि मग मी बोलत सुटले: फिकट लाकूड, साखर, पंधरा वर्षं, भुसा बाहेर का पडत नाही, सगळं एका दमात, आणि नकाशा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहू शकले नाही. हातांकडे पाहत होते. अंगठ्याचं नख चिरलेलं, तळव्यात पॉलिशचा डाग जो मी जन्मल्यापासून तिथेच आहे. माणूस एकदम म्हातारा कसा होतो हे मला आता दिसणार आणि ते मीच केलेलं असणार, असं वाटलं.

"सुंदर काढलंयस," बाबा म्हणाले. "ह्यात पाय कुठे आहेत?"

"पाय?"

"टेबलाला चार असतात."

पिशवीत चष्म्याच्या घराशेजारी त्यांची लाकूड कोरायची पटाशी होती. डोळे तपासायला निघालेला माणूस पटाशी बरोबर का घेतो, हे आमच्या घरात कोणी विचारत नाही. बाबांचा उजवा कान मशीनच्या करवतीच्या आवाजाने कधीच खाल्लाय, डावा अर्धा आहे. पण ते कानाने ऐकत नाहीत. पटाशीचं टोक लाकडाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. आधी त्यांनी नदीच्या मुखाशी टेकवली, माझ्या लाल गोलात. मान हलवली. मग कडेच्या पट्टीवर. मग पायावर, वरच्या टोकाला. मग वीतभर खाली. मग गुडघे टेकले, दोन्ही गुडघ्यांनी एकामागून एक तक्रार केली, आणि आणखी खाली. आणखी खाली. टेबलाखाली माझ्या चपलांशेजारी माझे वडील डोळे मिटून ओणवे बसले होते, आणि मी वर उभी होते; हळूहळू, डोक्यापासून पायाकडे, मला समजत गेलं. लाकूड आवाज वाहून नेतं. पायातून वर, सांध्यातून फळीत. ज्या कोपऱ्याखाली तो पाय, त्याच कोपऱ्यात आवाज मोठा. सव्वीस ठिकाणी ऐकलं होतं मी, आणि सगळी ठिकाणं वर होती, कारण उत्तर मला ऐकायच्या आधीच माहीत होतं.

"मी उचलतो," टेबलाखालून आवाज आला. "तू ओढ."

मी ठोकळा ओढून काढला. तळहाताएवढा, दोन बोटं जाड. बाबांनी तो हाडाला लावला, मग माझ्या हातात दिला. करर. नुसता आवाज नव्हता; मुठीत धरलेला फोन वाजल्यासारखी बारीक थरथर तळव्यात आली.

"कुठून आणलास?"

"ऑफिसातून." आठ महिन्यांपूर्वी खोली घेतली तेव्हा. आमच्या आवारात पेट्या मोडल्यावर त्यांचं लाकूड ढीग करून ठेवतात आणि दर शनिवारी जाळतात. आवारातून लाकडाचा एक तुकडाही बाहेर न्यायचा नाही, असा फलक आहे, त्यातलं एक वाक्य मी लिहिलेलं आहे. पण ही पेटी मी स्वतः तपासलेली होती. ठोकलेली, निर्धोक म्हणून सही केलेली. आणि ठोकळ्यावर अर्धा शिक्का होता. शिक्का पाहून मी तो उचलला. जिवंत काही नसलेलं लाकूड म्हणून, निर्धास्त मनाने.

बाबांनी बोटाने शिक्का पुसून पाहिला. "हे काय छापलंय?"

"छप्पन्न अंश, तीस मिनिटं."

"म्हणजे?"

"म्हणजे आत जिवंत काही नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "त्याला सांगितलंय का कोणी?"

मग ते हसले. खांदे हलवत, आवाज न करता, टेबलाच्या पायाला धरून, इतके की मला त्यांना उठवावं लागलं. आणि मीही हसत होते, पण माझ्या हसण्यात कुठेतरी टाका निसटलेला होता. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच घेतला. ठोकळ्याशिवाय टेबल कोपराच्या भाराने खाली जायचं, वर यायचं.

"आणि नदी?" मी विचारलं. "नदीत काहीच नाही?"

"नदीत काय असणार? फळी वीस दिवस टाकणखाराच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. मग महिनाभर सावलीत वाळवली. त्या लाकडाला किड्याने नुसतं चाटलं तरी मरेल."

"तुम्ही म्हणालात, पॉलिश वाळत नाहीये."

"अकरा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? तुझ्या नदीत विष कालवतोय म्हणून?"

मी टेबलाकडे पाहिलं. शिलाई मशीनचं झाकण, त्यावरून सारखी घरंगळणारी पेन्सिल, चार दिवस न बोलणं, आणि त्याच वेळी मागच्या शेडमध्ये पाण्याखाली, वर दगड ठेवून, शांत पडलेली फळी. म्हणजे पंधरा वर्षं खाली कोणी नव्हतं. भूमितीच्या वेळी नाही, पत्राच्या वेळी नाही. मी मुठीतल्या ठोकळ्याकडे पाहिलं. ह्याची माझी ओळख आठ महिन्यांची, आणि त्याआधीचं त्याचं सगळं आयुष्य मला माहीत नसलेल्या झाडात, माहीत नसलेल्या पावसात गेलेलं.

"आता तोंड का पाडलंस, शास्त्रीणबाई? टेबल वाचलं ना?"

"मला वाटलं होतं, हा पंधरा वर्षं माझ्याबरोबर होता."

बाबांनी ह्याचा नीट विचार केला. माझं बोलणं हास्यास्पद आहे असं त्यांना वाटलं असेल, पण लाकडाबद्दलचं कुठलंच बोलणं ते हसण्यावारी नेत नाहीत. "पंधरा वर्षं आम्हीही होतो," ते म्हणाले. "आम्ही आवाज करत नव्हतो, एवढंच."

"आई करत होती."

"ती करत होती," बाबा म्हणाले, आणि जमिनीला दोन बोटं लावून उंची मोजून घेतली.

सोमवारी मी ठोकळा झाकणाच्या डब्यात घालून भिंगबाईंच्या टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मी तपासलेली पेटी, मी केलेली सही, मी बाहेर नेलेलं लाकूड. त्यांनी जुनी नोंदवही काढली, पान शोधलं. त्या पेटीचं बाकी सगळं लाकूड त्याच शनिवारी जळालेलं होतं. "म्हणजे ही एवढीच वाचली," त्या म्हणाल्या, "आणि ती तू नियम मोडलास म्हणून." भिंग डोळ्याला लावून त्यांनी ठोकळा फिरवून पाहिला. "ठोकळा पेटीच्या पायातला दिसतोय, तिथे लाकूड जाड असतं. भट्टीची धग गाभ्यापर्यंत गेली नसणार. ते मी कळवते त्यांना. तुला एक मेमो मिळेल आणि एक बरणी. मेमो फाईलला लाव. बरणी खिडकीशी ठेव, पण उन्हात नको."

"ह्याचं वय किती असेल, बाई?"

"दोन वर्षांच्या पुढे कितीही. आणि आता विचारायला उशीर झाला," भिंगबाई म्हणाल्या, "त्याने आवाज थांबवलाय."

खरंच थांबवला होता. कोषात जाण्याआधी अळी पृष्ठभागाजवळ एक लांबट खोली कोरते आणि तिथे एक काम करते, ज्याच्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं: डोकं बाहेरच्या बाजूला करून घेते. भुंगेरा झाल्यावर त्या अरुंद जागेत त्याला वळता येत नाही. तोंड आत राहिलं तर तो तयार होऊनही तिथेच मरतो. बाहेर कुठे आहे हे तिला आत कसं कळतं, ते आम्हाला नीट ठाऊक नाही. पाच आठवडे मी रोज त्या गप्प ठोकळ्याशेजारी डबा खाल्ला. मधल्या काळात बाबांचं पार्सल आलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पॉलिश केलेला एक ठोकळा, दोन बोटं उंच, एका बाजूला माझ्या जमिनीइतका तिरका. रंग फिकट. नदीच्या फळीचा उरलेला तुकडा त्यांनी इतकी वर्षं ठेवला होता. सोबत चिठ्ठी: "चाटू नये."

सहाव्या आठवड्यात एका सकाळी बरणीत ठोकळ्याला लंबगोल भोक होतं, पेन्सिलीने काढावं तसं रेखीव, आणि शेजारी तो. नर. तपकिरी, अंगावर बारीक पिवळसर लव, शिंगं मागे वळवून अंगाच्याही पलीकडे गेलेली. मोजली: अंग अठरा मिलिमीटर, शिंगं एकतीस. दोन बोटांत धरला तर मान वर-खाली करून नव्या चपलेसारखा करकरला. बाहेर सोडायचा प्रश्न नव्हता. त्याने काही खाल्लं नाही, ते त्याच्या जातीला धरूनच होतं. खाणं त्याचं मागेच होऊन गेलं होतं. तो बरणीभर फिरला, प्रत्येक जागी आधी शिंगं पोचायची, मग तो, आणि त्याला कसलीच घाई नव्हती. अकरा दिवस मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला त्याची कीव आली नाही. मग तो गेला, आणि मी त्याला नमुन्यांच्या पेटीत टाचणीवर लावला.

टाचणीखाली एक चिठ्ठी लागते, नखाएवढी, तीन ओळींची. कुठे सापडला, कधी सापडला, कोणी शोधला. पहिल्या ओळीत मी लिहिलं, तपासनिसाच्या घरी, टेबलाच्या पायाखाली. दुसरीत तारीख. तिसरीत बाबांचं नाव, आणि त्याखाली उरलेल्या जागेत, त्याहून बारीक: सुतार, पटाशीने ऐकून. भिंगबाईंनी ते भिंगातून दोनदा वाचलं. "हे आपल्या यादीत नाहीत," त्या म्हणाल्या. "आता आहेत," मी म्हणाले. त्यांनी पेटी बंद केली आणि कपाटात सरकवली.

दुपारी मी घरी फोन केला. आईने घेतला. मी सांगितलं: भुंगेरा, पेटी, चिठ्ठी, तिसरी ओळ. आई फोन बाजूला न करताच ओरडली, "अहो, ऐकलंत का? चाळीस वर्षं तुमच्या लाकडाला कीड लागली नाही, आणि आता किडीला तुमचं नाव लागलं!"

लांबून रंधा चालू होता तो थांबला. पावलं आली. फोन डाव्या कानाला लावताना होणारी ती ओळखीची खरखर झाली.

"किती वर्षं राहते गं ती चिठ्ठी?" बाबांनी विचारलं.

"शंभर. कपाट नीट राखलं तर त्याहून जास्त."

"कपाट कशाचं आहे?"

"लाकडाचं."

"हं," बाबा म्हणाले. "पुढच्या खेपेला आलो की दाखव. पटाशी आणतो."